खवला सापडल्यावर: विदर्भातील मत्स्यजीवाश्मांची ओळख, नोंद आणि जतन

चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा परिसरात डोंगरगाव येथे लॅमेटा नावाने ओळखल्या जाणाऱ्या थरांमधून माशांचे अवशेष मिळाले आणि ब्रिटिश पुराजीवशास्त्रज्ञ आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी १९०८ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांत लेपिसोस्टियस इंडिकस हा गार कुळातील मासा होता, पिक्नोडस लॅमेटी हा गोल, चपट्या दातांचा मासा होता, आणि नागपूरचे मिशनरी व हौशी भूवैज्ञानिक स्टीफन हिस्लॉप यांचे नाव ज्याला दिले गेले तो इओसेरॅनस हिस्लॉपी हाही होता. गार कुळातील मासे आज मूळ रहिवासी म्हणून फक्त उत्तर व मध्य अमेरिका आणि क्यूबा या भागांत आढळतात. पण सुमारे सात कोटी वर्षांपूर्वी, क्रिटेशस कालखंडाच्या अखेरीस, महाकाय डायनोसॉर ज्या पाणथळ प्रदेशात वावरत होते त्याच प्रदेशातील पाण्यात गार माशांचे भाईबंद पोहत होते. असे अवशेष आजही विदर्भातील ओढ्यांच्या काठांवर, विहिरींच्या खोदकामात आणि खाणींच्या कडांवर उघडे पडू शकतात, आणि ते प्रथम पाहणारी व्यक्ती बहुधा शेतकरी, शिक्षक, विद्यार्थी किंवा भटकंतीची आवड असलेली असते. अशा वाचकाला अवशेष ओळखता यावा, आणि ओळखल्यानंतर त्याच्या हातून त्याचे नुकसान होऊ नये, या हेतूने पुढील विवेचन केले आहे.

जीवाश्म म्हणजे प्राचीन जीवाचा किंवा त्याच्या हालचालींचा खडकात टिकून राहिलेला अवशेष अथवा ठसा. मासा मेल्यावर त्याच्या शरीरात सडण्यामुळे वायू साठतात, प्रेत फुगून वर तरंगते, लाटांनी आणि मांसभक्षक प्राण्यांनी त्याचे तुकडे होतात, आणि तळाशी पोहोचतात ते सुटे खवले, दात, मणके व काटे. संपूर्ण मासा आकारासह टिकायचा असेल तर पाणी शांत हवे, तळाशी प्राणवायू अत्यल्प हवा म्हणजे कुजवणारे व खाणारे जीव तेथे फिरकत नाहीत, आणि अतिशय बारीक गाळाने त्याला लवकर झाकून टाकले पाहिजे. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळून येणे दुर्मीळ असल्यामुळे पुस्तकांतील चित्रांत दिसणारा, डोक्यापासून शेपटीपर्यंत अखंड मासा हाती येईल अशी अपेक्षा ठेवून शोधास निघणाऱ्याची बहुधा निराशा होते. उलट ज्याने सुटा खवला आणि सुटा दात ओळखण्याची सवय डोळ्यांना लावली आहे, त्याला निव्वळ मातीचा वाटणारा थरही बोलका होतो.

शोधाची पहिली पायरी म्हणजे खडक ओळखणे, कारण महाराष्ट्राचा मोठा भाग ज्या काळ्या बेसाल्टने व्यापला आहे त्यात मासा सापडण्याचा प्रश्नच येत नाही. बेसाल्ट हा ज्वालामुखीतून बाहेर पडलेल्या तप्त लाव्हारसाचा थिजलेला खडक असून त्यात मांस काय, हाडही टिकत नाही. मासे शोधायचे ते गाळापासून बनलेल्या खडकांत, म्हणजे चिकणमातीच्या, चुनखडीच्या किंवा वाळूच्या थरांत. असे थर विदर्भात तीन ठिकाणी भेटतात. बेसाल्टच्या खाली लॅमेटा थर आहेत, ज्यांचे नाव जबलपूरजवळच्या नर्मदेवरील लॅमेटा घाटावरून पडले. दोन लाव्हाप्रवाहांच्या मध्ये सापडणारे अंतरा-ट्रॅपी थर दुसरे. ज्वालामुखीच्या दोन उद्रेकांच्या दरम्यान बराच काळ शांतता असे, त्या काळात खोलगट जागी तळी साचत, तळ्यांत गाळ जमे, आणि पुढच्या उद्रेकात लाव्हा त्यावर पसरून तो बंदिस्त होई. नागपूरच्या टाकळी व गिट्टीखदान भागांतील असे थर अभ्यासकांना चांगले परिचित आहेत. मुंबईत वरळी येथील अशाच थरांतून लहान बेडकांचे सांगाडे मिळाले आणि रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचे वर्णन केले, यावरून या पातळ थरांची जपणूकक्षमता लक्षात यावी.

तिसरी जागा यांहून बरीच जुनी आणि मत्स्यजीवाश्मांच्या दृष्टीने सर्वांत समृद्ध आहे. गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंच्याजवळ, प्राणहिता नदीच्या काठी, कोटा या गावावरून ओळखला जाणारा ज्युरासिक कालखंडातील खडकांचा समूह आहे, आणि त्यातील पातळ पापुद्र्यांच्या चुनखडकात अखंड मासे सपाट होऊन पडलेले आढळतात. येथील लेपिडोटस डेक्कनेन्सिस या माशाची माहिती १८५१ मध्येच लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेपुढे पोहोचली होती; जाड, चकचकीत, चौकटीदार खवल्यांचे चिलखत आणि कवचे फोडण्याजोगे बोथट दात ही त्याची ठळक लक्षणे. याच कोटा थरांतून भारतीय सांख्यिकी संस्थेचे पुराजीवशास्त्रज्ञ सोहन लाल जैन यांनी १९७४ मध्ये इंडोसीलॅकँथस रोबस्टस या माशाचे वर्णन केले. सीलॅकँथ या गटातील माशांचे पर मांसल देठांवर बसलेले असतात, आणि हा गट क्रिटेशसच्या अखेरीस नष्ट झाला असे शास्त्रज्ञ धरून चालले होते. १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मासेमारी नौकेने आणलेल्या माशांत तेथील संग्रहालयाच्या मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर यांना एक निळसर, अनोळखी मासा दिसला आणि जे. एल. बी. स्मिथ यांनी तो सीलॅकँथ असल्याचे ओळखले, तेव्हा ती समजूत मोडली. सिरोंच्याच्या चुनखडकातील दगडी मासा आणि हिंदी महासागरात आजही पोहणारा मासा एकाच गटाचे, हे प्राणहितेच्या काठावर उभे राहून आठवावे असे आहे.

डोळ्यांना सवय लावण्याचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित मार्ग मासळीबाजारातून जातो. ज्याला जीवाश्म ओळखायचे आहेत त्याने आधी आजच्या माशांची हाडे ओळखावीत, आणि त्यासाठी रोहू, बांगडा, सुरमई, घोळ अशा वेगवेगळ्या माशांची डोकी व कणे उकळून, मांस काढून, स्वच्छ करून, वाळवून, प्रत्येकावर नाव लिहून छोटा तुलनासंग्रह तयार करावा. रोहूचा खवला भिंगाखाली धरला की तो पातळ, गोलसर आणि वाढीची वलये असलेला दिसतो. गार किंवा लेपिडोटस यांचा खवला याउलट जाड, समांतर बाजूंचा, शंकरपाळ्यासारखा तिरक्या चौकटीचा असतो आणि त्यावर गॅनॉइन नावाच्या, दाताच्या इनॅमलसारख्या कठीण पदार्थाचा चकचकीत थर असतो. एकेका गारच्या अंगावर असे खवले शेकड्यांनी असल्यामुळे आणि ते इतके कठीण असल्यामुळे लॅमेटा व अंतरा-ट्रॅपी थरांत गारचा खवला हा सर्वांत सहज भेटणारा मत्स्यावशेष ठरतो. बहुतेक माशांचा मणका दोन्ही बाजूंनी खोलगट, मध्ये अरुंद, म्हणजे डमरूसारखा असतो, आणि ही एक खूण लक्षात ठेवली तरी सुटा मणका माशाचा की सरपटणाऱ्या प्राण्याचा याचा प्राथमिक अंदाज बांधता येतो. घोळ किंवा ढोमा यांच्या डोक्यात सापडणारा पांढरा खडा हा कर्णाश्म होय, म्हणजे शरीराचा तोल राखण्यास मदत करणारा चुनखडीचा लहान गोळा. तो थरांमध्ये टिकतो आणि त्याच्या आकारावरून माशाचे कुळ सांगता येते.

मुशी आणि पाकट यांची गोष्ट निराळी आहे. या माशांचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा, म्हणजे कानाच्या पाळीत असते तशा लवचीक ऊतीचा असतो आणि तो सहसा टिकत नाही. परंतु मुशी आयुष्यभर दात टाकत व नवे धारण करत असल्यामुळे तिचे दात मात्र भरपूर मिळतात, तर पाकट माशाच्या जबड्यातील चपटे, षट्कोनी दात फरशीच्या तुकड्यांसारखे दिसतात. असे दात किती मोलाचे असू शकतात याचे उदाहरण दख्खनच्याच इतिहासात आहे. तेलंगणातील असिफाबाद परिसरातील अंतरा-ट्रॅपी थरांतून मिळालेल्या पाकटवर्गीय माशांच्या दातांचा अभ्यास जी. व्ही. आर. प्रसाद आणि आंरी कापेत्ता यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केला, आणि त्यातील काही जाती केवळ क्रिटेशसच्या अखेरीस जगलेल्या असल्यामुळे ज्या लाव्हाप्रवाहांच्या मध्ये ते दात होते त्या प्रवाहांचे वय ठरवण्यास त्यांनी पुरावा दिला. एवढ्याशा दातांनी सह्याद्रीच्या खडकाच्या वयाबाबत साक्ष दिली ती ते कोणत्या थरात होते हे नेमके ठाऊक होते म्हणून. तोच दात कोणाच्या पाकिटातून, ठिकाणाच्या नोंदीविना आला असता तर तो निव्वळ एक देखणा खडा राहिला असता.

फसवणाऱ्या वस्तूंचीही ओळख असावी. खडकाच्या फटीत मँगनीजची संयुगे झिरपून शेवाळ किंवा माशाच्या काट्यांसारखी फांदीदार काळी नक्षी उमटते. तिला द्रुमाकृती म्हणतात आणि ती कोणत्याही जीवाची नसते. बेसाल्टच्या पोकळ्यांतील झिओलाइटचे स्फटिक दातांसारखे चमकतात, पण त्यांचे पृष्ठभाग सपाट व कोन ठरावीक असतात, तर दाताला मूळ, कड आणि झीज असते. आणखी एक सावधगिरी अलीकडच्या काळाने शिकवली आहे: शोभेचा मासा म्हणून विकला जाणारा अमेरिकेतील अ‍ॅलिगेटर गार भारतात काही जलाशयांत सोडला गेला असून २०२३ मध्ये तो श्रीनगरच्या दल सरोवरातही आढळला, तेव्हा नदीकाठच्या वाळूत सुटा पडलेला गारचा खवला प्राचीनच असेल असे गृहीत धरू नये. जीवाश्म खवल्याच्या पोकळ्यांत खनिजे भरलेली असल्यामुळे तो बहुधा तपकिरी ते काळसर आणि खडकासारखा जड असतो, आणि शक्यतो तो खडकात अडकलेलाच दिसला पाहिजे. काही जण हाड जिभेला चिकटते का ते पाहतात. ही पद्धत अस्वच्छ तर आहेच, शिवाय निर्णायकही नाही, म्हणून ती टाळावी. दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग अधिक काम करते.

अवशेष दिसला की पहिली प्रतिक्रिया हात पुढे करण्याची असते आणि नेमकी तीच आवरायची असते. वस्तूला स्पर्श करण्यापूर्वी तिचे छायाचित्र घ्यावे, त्यात मापासाठी पट्टी किंवा नाणे ठेवावे, मग मागे सरकून संपूर्ण कडा किंवा खड्डा दिसेल असे दुसरे छायाचित्र घ्यावे, आणि भ्रमणध्वनीवरून अक्षांश-रेखांश नोंदवून ठेवावेत. गाव, शेताचा किंवा ओढ्याचा स्थानिक उल्लेख, थराचा रंग व जाडी, त्याच्या वर आणि खाली काय आहे, ही सर्व माहिती वहीत जागेवरच लिहावी. घरी गेल्यावर आठवून लिहिलेली नोंद चुकते असा क्षेत्रकार्य करणाऱ्या सर्वांचा अनुभव आहे. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न म्हणजे अवशेष मूळ थरातच आहे की वरून घरंगळून खाली आला आहे, कारण घरंगळलेल्या दगडाचे खरे घर उतारावर वर कोठे तरी असते आणि ते शोधल्याशिवाय त्याचे वय सांगता येत नाही. पिसदुऱ्याचे उदाहरण येथे उपयोगी आहे. डोंगरगावच्या शेजारील या गावाच्या शेतांत प्राण्यांच्या विष्ठेचे जीवाश्म मिळतात, ज्यांना पुराविष्ठा म्हणतात, आणि त्यांतील सूक्ष्म वनस्पतिकणांच्या अभ्यासातून क्रिटेशसच्या अखेरीस गवत अस्तित्वात होते हे २००५ मध्ये दाखवून देण्यात आले. ओबडधोबड म्हणून बाजूला टाकले जाणारे गोळे, त्यांचे ठिकाण आणि थर नीट नोंदलेले असल्यामुळे, जगभर चर्चेचा विषय झाले.

खडकातून अवशेष काढण्याचे काम हौशी व्यक्तीने करू नये, असे येथे आग्रहाने म्हणावेसे वाटते. हातोडीचा एक घाव अखंड माशाचे शंभर तुकडे करतो, आणि कोटा थरांतील चुनखडकासारख्या पापुद्र्यांच्या खडकात तर आणखी एक धोका असतो: पापुद्रा उकलला की मासा एका बाजूला आणि त्याचा ठसा दुसऱ्या बाजूला राहतो, अवशेषाचे काही भाग पहिल्या फळीवर तर काही दुसऱ्या फळीवर चिकटतात, आणि शोधणारा देखणी बाजू घेऊन जातो व ठसा तिथेच टाकतो. त्यामुळे फळी आधीच उकललेली आढळल्यास दोन्ही बाजू एकत्र ठेवणे आवश्यक आहे, कारण पुढे अभ्यासकाला दोन्हींची जुळणी करूनच डोक्याची किंवा परांची रचना कळते. उचलण्याखेरीज गत्यंतर नसेल, म्हणजे अवशेष पुरात वाहून जाणार असेल किंवा खोदकामाच्या यंत्राखाली येणार असेल, तर भोवतालच्या खडकासह तो तुकडा उचलावा, मऊ कागदात गुंडाळून कठीण खोक्यात ठेवावा, आणि ठिकाणाची चिठ्ठी पेन्सिलने लिहून त्याच खोक्यात टाकावी, कारण शाई ओलाव्यात पसरते व कालांतराने फिकट होते. खोक्याच्या बाहेर लिहिलेले नाव खोके बदलले की हरवते, तेव्हा चिठ्ठी आत असणे अत्यावश्यक आहे. अर्थात जमीन मालकाची असो वा वनखात्याची, परवानगी घेतल्याखेरीज काहीही हलवू नये. सिरोंचा परिसराचा मोठा भाग वनक्षेत्रात असल्यामुळे तेथे हा नियम विशेष काटेकोरपणे पाळावा लागतो.

घरी आणल्यावर धुणे, घासणे, तेल लावणे, वॉर्निश किंवा नखरंग चढवणे, पांढऱ्या गोंदाने तुकडे जोडणे, हे सारे उपाय प्रेमापोटी केले जातात आणि सारेच घातक आहेत. चिकणमातीचा थर पाण्याने फुगून फुटतो, वॉर्निश पिवळे पडून बारकावे झाकते, आणि पांढरा गोंद एकदा सुकला की संग्राहकाला तो काढता येत नाही. संग्रहालयांत जोडणीसाठी वापरले जाणारे पॅरालॉइड बी-७२ हे रेझिन अ‍ॅसिटोनमध्ये पुन्हा विरघळते, म्हणजे चूक दुरुस्त करता येते, हाच त्याचा गुण. परंतु ते वापरण्यासही हात बसलेला लागतो. खडक विरघळवून हाड मोकळे करण्यासाठी व्हिनेगर किंवा लिंबू वापरण्याचा सल्लाही दिला जातो आणि त्याचे मूळ एका खऱ्या पद्धतीत आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातील गोगो येथील सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीचे मासे सौम्य अ‍ॅसेटिक आम्लाने चुनखडक विरघळवून त्रिमितीय स्वरूपात मोकळे केले गेले, आणि २००८ मध्ये वर्णन झालेल्या मॅटरपिसिस या माशात तर पोटातील भ्रूण व नाळही दिसली. मात्र ते काम प्रयोगशाळेत, आम्लाची तीव्रता सतत राखून, उघडे पडलेले हाड वेळोवेळी संरक्षक लेपाने झाकत, महिनोन्‌महिने चालते. स्वयंपाकघरातल्या वाडग्यात त्याची नक्कल केली तर माशाचेच हाड खाल्ले जाते.

मत्स्यजीवाश्म विकत घेण्याचा मोह होणाऱ्यांसाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. अमेरिकेतील वायोमिंग राज्यातील ग्रीन रिव्हर खडकांतील नाइटिया हा हेरिंगच्या नात्यातला लहान मासा विपुल प्रमाणात मिळतो, तेथे खासगी खाणींतून तो कायदेशीरपणे काढला व विकला जातो, आणि घरी शिकण्यासाठी एखादा मासा हवाच असेल तर तो हा असावा. ब्राझीलमधील माशांबाबत मात्र सावध राहावे, कारण तेथे १९४२ च्या कायद्याने जीवाश्म ही राष्ट्राची मालमत्ता ठरवली आहे. बाजारात रंगवलेले, कोरलेले किंवा दोन माशांचे भाग जोडून बनवलेले नमुनेही येतात. भिंगाखाली हाडाला स्वतःचा पोत दिसतो, रंगाला मात्र ब्रशचे फटकारे दिसतात, आणि कोरलेल्या माशाच्या कण्यातील मणके एकसारखे, मोजून काढल्यासारखे असतात. भारतीय ठिकाणचा जीवाश्म कोणी विकत असल्यास तो घेऊ नये. विक्रीच्या आशेने थर उकरले जातात आणि ज्या पुराव्यासाठी तो खडक जपायचा तोच नाहीसा होतो.

अवशेष कोणाकडे सोपवावा, याचे उत्तर कोठे राहता यावर अवलंबून असले तरी विदर्भातील वाचकाला नागपूर हे सोयीचे केंद्र आहे. तेथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे प्रादेशिक कार्यालय आहे आणि विद्यापीठाचा भूविज्ञान विभागही आहे. छायाचित्रे, नोंदी आणि नकाशावरील ठिकाण आधी पाठवावे आणि तज्ज्ञांचे उत्तर येईपर्यंत स्थळ उघड करू नये, विशेषतः समाजमाध्यमांवर. अभ्यासक आले तर त्यांना केवळ तो मासा नव्हे, तो थर दाखवावा. कारण ते बहुधा अनेक किलो माती गोण्यांत भरून नेतात, ती पाण्यात भिजवून बारीक चाळण्यांतून धुतात, आणि उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याने एकेक कण निवडून तपासतात, ज्यातून डोळ्यांना कधीही न दिसणारे दात व खवले मिळतात. पिक्नोडससारखे मासे प्रामुख्याने समुद्राचे असल्यामुळे क्रिटेशसच्या अखेरीस समुद्राचे पाणी मध्य भारतात कोठवर शिरले होते हा वाद अभ्यासकांत दीर्घकाळ चालू आहे, आणि अशा चाळलेल्या मातीतील एखादा दातही त्या वादात एका बाजूचे वजन वाढवू शकतो. नमुना स्वीकारला गेला की त्याचा नोंदणी क्रमांक मागून घ्यावा आणि तो आपल्या वहीतील मूळ नोंदीशेजारी लिहून ठेवावा, कारण पुढे कोणी त्या माशाचे वर्णन प्रसिद्ध केले तर त्या क्रमांकाच्या आधारेच ते वर्णन वरोऱ्याच्या एखाद्या ओढ्याच्या काठापर्यंत परत नेता येते.